माझ्या विरोधकाला बाबांची देणगी

महापालिकेच्या निवडणुकीला मी उभी होते, तेव्हा माझ्या वडिलांनी माझ्याविरुद्ध उभ्या असलेल्या माणसाला देणगी दिली. चेकने दिली, रीतसर पावती घेतली आणि त्याच संध्याकाळी माझ्या घरी चहाला आले. ही गोष्ट ऐकली की लोक हमखास विचारतात, तुमचं काही वाजलं होतं का? नव्हतं वाजलं. बाबांचं कधी कोणाशी वाजायचं नाही. त्यांच्याजवळ एक विचार होता, तेवढ्यावर त्यांचं भागायचं.

बाबा अमरावतीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. त्या शास्त्रात एक पंथ आहे, जो राजकारणालाही बाजारच समजतो. पुढारी देव नाही आणि चोरही नाही, तो दुकानदार आहे. मतदार आणि देणगीदार हे त्याचं गिऱ्हाईक. जो तो आपला फायदा पाहतो आणि त्यात रागावण्यासारखं काही नाही. बाबा त्या पंथाचे. बाकीचे प्राध्यापक सरकारनं काय काय करायला पाहिजे ते शिकवायचे. बाबा सरकारात बसलेली माणसं स्वतःसाठी काय करतात ते शिकवायचे. दुसऱ्या वर्गातली मुलंसुद्धा त्यांच्या तासाला येऊन मागे उभी राहायची. बोलायचेही सुरेख. शिकवताना अगदी पुस्तकी मराठी, आणि एखाद्याची फजिती करायची असली की एकदम वऱ्हाडी. वऱ्हाडी सुरू झाली की वर्ग हसायचा, आणि ज्याच्यासाठी सुरू झाली तो पोरगा मान खाली घालायचा.

घरातही तोच वर्ग. दहावीत असताना मला वक्तृत्वात जिल्ह्यात पहिली ढाल मिळाली. सायकलच्या कॅरिअरला बांधून मी ती घरी आणली. बाबांनी हातात घेतली, उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "परीक्षक कोण होतं?"

मी नाव सांगितलं. ते हसले. "तो माझा विद्यार्थी. विद्यापीठाच्या पेपर तपासणीत घ्या म्हणून तीनदा येऊन गेला घरी." मग ढाल माझ्या हातात परत देत म्हणाले, "हे तुयी नाही, मायी हाय."

आई म्हणाली, "पोरीच्या तोंडावर असं बोला लागते का?"

"मग खोटं बोलू?"

ढाल शोकेसमध्ये लागली. पाहुणे आले की बाबा मलाच विचारत, "सांग, कोणाची आहे?" मी म्हणायची, "तुमची." सगळे हसत. हळूहळू मीही हसायला शिकले. त्या घरात न हसणाऱ्याचे फार हाल व्हायचे.

लग्न होऊन मी अकोल्याला आले. नवरा बँकेत, मी जिल्हा न्यायालयात वकिली करू लागले. माझ्या लग्नानंतर बाबांनी अकोल्याच्या एका टोकाला, आमच्याच प्रभागातल्या नव्या वस्तीत एक प्लॉट घेतला. "हा पोरीसाठी," असं आईला म्हणाले होते. मला नाही म्हणाले. मला काही देताना त्यांना पुरावा ठेवायला आवडायचं नाही.

आमच्याच गल्लीत सिस्टर राहायची. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आता निवृत्त. बौद्ध कुटुंबातली, घरातली पहिली पगारदार. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. गल्लीत कोणाला इंजेक्शन द्यायचं असो की कोणाचं बाळ दूध ओकत असो, सिस्टरला हाक जायची. तिचं पेन्शनचं अडलेलं काम मी सोडवून दिलं होतं, तेव्हापासून ती मला वकीलताई म्हणायची. तिला स्वतःचं घर बांधायचं होतं. मी एकदा बाबांचा प्लॉट पाहायला गेले तेव्हा तिलाही सोबत नेलं. समोरच्या ओळीत एक प्लॉट विकायला होता. निवृत्तीचा सगळा पैसा घालून तिनं तो घेतला. दोन खोल्या आणि अंगणात स्वतःचा नळ, एवढंच तिचं म्हणणं.

नळाचं तिनं उगाच म्हटलं नव्हतं. आमच्या प्रभागात पाणी कधी येईल याची खात्री नसायची. आठवडा-आठवडा नळ कोरडे, आणि आले की सगळी गल्ली कामधंदा सोडून ड्रम भरायला. नगरसेवक तीनदा निवडून आलेला होता. त्याला सगळे भाऊ म्हणायचे. गोड माणूस. लग्नाला यायचा, मयतीला यायचा, पाण्याचं विचारलं की खांद्यावर हात ठेवायचा. त्या वर्षी निवडणूक लागली आणि आमची जागा महिलांसाठी राखीव झाली नाही, तरी सिस्टर माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, तुमी उभ्या राहा. कोर्टात भांडता, थितं बी भांडा."

मी हो म्हणाले. का म्हणाले, ते अजून नीट कळलेलं नाही. एखाद्या ठिकाणी तरी ढाल माझी असावी, असं काहीतरी असेल.

मी अपक्ष. चिन्ह मिळालं इस्त्री. भाऊच्या माणसांनी त्याच दिवशी चौकात टोमणा सोडला, "बाईले बी इस्त्रीच भेटली, चांगलं झालं, घरी बसून कपडे करन!" मी एकच नियम केला. कोणाकडूनही पाचशे रुपयांच्या वर देणगी घ्यायची नाही. कायदा उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा घालतो. मी देणाऱ्यालाही घातली. कोणी एकानं मला उचलून आपल्या खिशात टाकू नये, एवढाच हेतू. सिस्टरनं सगळ्यात आधी पाचशेची नोट दिली. मला वाटलं, फार स्वच्छ काहीतरी सुरू झालंय.

त्या आठवड्यात अमरावतीला गेले तेव्हा जेवताना मी बाबांना हे सांगितलं. आईनं पानात झुणका आणि भाकरी वाढली होती. बाबा भाकरीचा तुकडा मोडता मोडता थांबले.

"पाचशेच का? सहाशे दिले तर तू विकली जाशील?"

"कुठंतरी रेघ मारावी लागते, बाबा."

"रेघ मारणाऱ्याला वाटतं, रेघेपलीकडे काही उरलं नाही. तुझ्या लहानपणी रॉकेलचा भाव सरकारनं बांधला होता. रॉकेल संपलं का? नाही. ते दुकानाच्या मागच्या दारानं जाऊ लागलं. देणगीचं तेच. वरून बांधली की खालून वाहते. तुमचा तो नगरसेवक भाऊ खर्चाच्या मर्यादेत निवडणूक लढवतो असं तुला वाटतं?"

"म्हणून मी पण खालून घेऊ?"

"मी असं म्हटलं का? मी म्हणतो, मर्यादाच नको. ज्याला जेवढं द्यायचं तेवढं देऊ दे, फक्त सगळ्यांना दिसलं पाहिजे. देणगी म्हणजे बोलणंच आहे. तू लोकांना सांगतेस, बोला, पण हळू बोला."

मी म्हणाले, "एकानं पाच लाख दिले तर मी त्या एकाची होते. हजार जणांनी पाचशे-पाचशे दिले तर हजारांची."

बाबांच्या चेहऱ्यावर तो आनंद दिसला, जो वर्गात चांगला प्रश्न विचारणारा विद्यार्थी सापडल्यावर दिसायचा. मला तो आनंद लहानपणापासून माहीत होता. त्याच्यामागून काय येतं तेही माहीत होतं.

"हजारांची म्हणजे कोणाचीच नाही," ते म्हणाले. "पाचशे देणारा पाचशेसाठी तुझ्या मागे लागणार नाही. निवडून आलीस की नाही, हेसुद्धा तो दुसऱ्या दिवशी पेपरात पाहील. पाच लाखवाला रोज येईल. आणि सगळ्यात मोठी गंमत सांगू? ही मर्यादा तुझ्याच गळ्याला लागणार. भाऊला तीन निवडणुकांपासून सगळे ओळखतात. त्याला एक रुपया नाही खर्च केला तरी चालतं. तुला कोणी ओळखत नाही. ओळख करून द्यायला पैसा लागतो. जो आधीपासून खुर्चीत बसलाय, त्याला मर्यादा नेहमी आवडते. नवीन माणूस दाराशीच अडकतो ना. तू त्याचं काम फुकटात करून राह्यली, बाई."

शेवटचं वाक्य वऱ्हाडीत आलं, तेव्हा मला कळलं की वर्ग संपला.

सगळ्यात वाईट हे की त्यातलं निम्मं मला पटलं होतं. मी झुणक्यात बोट फिरवत राहिले आणि मग उगाच, थट्टेत विचारलं, "तुम्ही देणार का मला पाचशे?"

"पाहतो. जिंकण्याची शक्यता किती, ते आधी पाहिलं पाहिजे."

आई ताट उचलता उचलता म्हणाली, "पोरीले द्याले काय पाहता? काढा खिशातून."

"पोरगी म्हणून दिले तर ती देणगी नाही, खाऊ होईल," बाबा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

प्रचार सुरू झाला. सिस्टर रोज सकाळी माझ्याबरोबर निघायची. पायात जुने पांढरे दवाखान्याचे बूट, हातात पत्रकं. दारोदार जायचं, वाकून नमस्कार करायचा, पाण्याचं बोलायचं. लोक पाणी द्यायचे प्यायला, त्याच ड्रममधलं. "नक्की, ताई," म्हणायचे. पण पुढच्या गल्लीत गेलं की कोणी विचारायचं, "तुमी कोन?" बाबांचं म्हणणं मला रोज आठवायचं. माझ्याजवळ पत्रकांपुरते पैसे होते, रिक्षावर लावायच्या भोंग्यापुरते नव्हते. एका कापडवाल्यानं मोठी रक्कम देऊ केली. मी पाचशेच घेतले, बाकीचे परत केले. तो ओशाळला आणि दुसऱ्या दिवशी भाऊच्या फेरीत दिसला. त्याला मी बोलू दिलं नाही, तो जिथे बोलू देतात तिथे गेला.

प्रचार संपायच्या आदल्या दिवशी चौकात भाऊची सभा होती. आम्ही पाच-सहा बायका मागच्या गल्लीतून जात होतो. भोंग्याचा आवाज भिंतींवरून आपटत येत होता. भाऊ बोलत होता.

"आमच्या विरोधात ताई उभ्या हायेत. लय चांगल्या ताई. माया मनात त्याईच्याबद्दल काही नाही. पन मी तुमाले आज एक गोष्ट सांगतो. त्याईचे वडील, मोठे प्रोफेसर, अमरावतीचे. ते इथं बसले हायेत. त्याईनं मले देनगी देली. पोरगी सोडून मले देली! अरे, जिच्या बापाले तिचा भरोसा नाही, तिचा भरोसा तुमी कसा करता?"

टाळ्या झाल्या, शिट्ट्या झाल्या. आमच्यातल्या एका बाईनं डोक्यावरचा पदर तोंडाला लावला. सिस्टर माझ्याकडे पाहत नव्हती. मला वाटलं, भाऊ खोटं बोलतोय. मी गल्लीच्या तोंडाशी जाऊन पाहिलं. स्टेजवर, डाव्या हाताच्या शेवटच्या खुर्चीत, पांढरा शर्ट आणि काळी पँट घालून बाबा बसले होते.

भाऊनं त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी माइक हातात घेतला, फुंकर मारली आणि पुस्तकी मराठीत म्हणाले, "मी माझ्या मुलीच्या विरोधात नाही. मी देणगी चेकने दिली आहे आणि ती सर्वांसमोर सांगितली जावी, असा माझाच आग्रह होता. देणगी लपवू नये, एवढेच मला सांगायचे आहे."

लोकांना त्यातलं काही कळलं नाही. तरी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी बाबा घरी आले. नवरा बँकेतून आला नव्हता. मी दार उघडलं, ते चपला काढून आत आले, सोफ्यावर बसले.

"चहा मिळेल?"

मी चहा केला. का केला, विचारू नका. त्या माणसासाठी चहा ठेवायची सवय हाताला होती. कप त्यांच्यासमोर ठेवून मी विचारलं, "का?"

"आपल्या प्लॉटवर बगिच्याचं आरक्षण पडलंय, शहराच्या नव्या विकास आराखड्यात. तुला माहीत असेल."

मला माहीत नव्हतं. मी पाण्यासाठी दारं वाजवत होते.

"ते हलवायचं असेल तर पालिकेत ठराव लागतो. ठराव कोण मांडणार? निवडून येईल तो. कोण निवडून येणार? भाऊ. मग देणगी कोणाला द्यायची? हे गणित आहे. यात तू नाहीस, मी नाही."

"तुम्ही आयुष्यभर हेच शिकवलंत ना, की अशा सौद्यांनी देश नासतो?"

"मी शिकवलं की जोवर नगरसेवकाच्या हातात आरक्षण हलवायची ताकद आहे, तोवर ती विकली जाणार. ताकद काढून घ्या, सौदा आपोआप बंद होईल. काढलीय का कोणी? नाही. मग तोवर मी माझा प्लॉट बगिच्याला देऊ?"

"निदान स्टेजवर बसायचं नव्हतं."

"लपून दिली असती तर तुला बरं वाटलं असतं?"

खरं सांगायचं तर, हो, मला बरं वाटलं असतं. पण ते त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी त्याचाही धडा केला असता.

"मला पाचशे तरी द्यायचे," मी म्हणाले. माझा आवाज दहावीतल्या मुलीसारखा झाला होता आणि मला त्याची किळस आली.

बाबांनी चहा संपवला, कप बशीत नीट ठेवला. "हरणाऱ्याला दिलेला पैसा म्हणजे दया," ते म्हणाले. "तुझी दया यावी असं तू काही केलेलं नाहीस." हे त्यांनी कौतुकानं म्हटलं होतं. मग ते बसस्टँडवर गेले, शेवटची बस पकडायला.

मी हरले. नुसती हरले नाही, अनामतही गेली. सिस्टर आमची मतमोजणीतली प्रतिनिधी होती. मोजणीच्या दिवशी ती दिवसभर माझ्या शेजारी बसली आणि आकडे येत गेले तसे माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आजारी माणसाच्या फिरवतात तसा. भाऊचा गुलाल आमच्या दारापर्यंत आला.

पुढे काही महिन्यांनी पालिकेच्या सभेत ठराव झाला. बाबांच्या ओळीवरचं बगिच्याचं आरक्षण उठवलं. पण बगिचा हवेत जाऊ शकत नाही. तो समोरच्या ओळीत गेला. सिस्टरच्या प्लॉटवर.

ती नोटीस घेऊन माझ्याकडे आली. पेपरात छापलेल्या नकाशावर हिरवा चौकोन होता. तिनं त्यावर बोट ठेवलं. "ताई, हे मायं घर हाय ना?"

"हो."

"आन् हे तुमच्या बाबाईचं?"

"हो."

तिनं नकाशाची घडी घातली. मला शिव्या दिल्या असत्या तर मी सहन केल्या असत्या. तिनं फक्त विचारलं, "मंग आता काय करा लागते?"

हरकत घेता येते. मी तिच्यातर्फे हरकत लिहिली. माझ्या वडिलांच्या फायद्याविरुद्ध, माझ्या सहीनं. सुनावणी पालिकेच्या कार्यालयात, एका लांबट खोलीत होती. अधिकारी तरुण होता. शेजारी भाऊ बसला होता, नगरसेवक म्हणून. बाबाही आले होते अमरावतीहून. जमीनमालक म्हणून त्यांना म्हणणं मांडायचं होतं. ते माझ्याशी बोलले, तब्येत विचारली. आईनं डब्यात शेव दिली होती, ती मला दिली. मी तो डबा हातात धरून सगळी सुनावणी उभी राहिले.

मी सांगितलं की आरक्षण हलवायचं कारण ठरावात नाही. अधिकाऱ्यानं माझं वकीलपत्र पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हे तुमचे वडील?"

"हो."

भाऊ पुढे झुकून हळूच म्हणाला, "साहेब, हे घरचं भांडन हाय. इलेक्शनपासून सुरू हाय. ताईले बापाचा राग हाय, बाईच्या आडून काढून राहिल्या."

अधिकारी हसला. मी कायद्याचं कलम सांगत होते आणि तो हसत होता. बाबाही थोडे हसले. ते हसू मी ओळखते. सुनावणी अर्ध्या चहाइतकी चालली. पुढे लेखी आदेश आला, त्यात हरकत अमान्य होती आणि कारण म्हणून इतकंच लिहिलं होतं की हरकतीमागे कौटुंबिक वाद असल्याचं दिसून येतं.

पण त्या दिवशीची खरी गोष्ट बाहेर घडली. व्हरांड्यात बाकावर सिस्टर बसली होती. बाबा तिच्याजवळ गेले. मला वाटलं, चार शब्द चांगले बोलतील. ते तिच्या शेजारी बसले आणि अगदी मऊपणे म्हणाले, "बाई, तुमचं नुकसान झालं, त्याचं मला वाईट वाटतं. पण तुम्ही चूक केलीत. तुम्ही माझ्या मुलीला पाचशे रुपये दिलेत."

"हो, सर."

"ते कशासाठी दिलेत?"

"पानी येइन म्हनून."

"पण ती निवडून येणार नव्हती."

सिस्टरनं विचार केला. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शिकायला बसलेल्या माणसाचं लक्ष होतं. "मंग कोनाले द्याले पायजे होते, सर?"

आणि बाबांनी तिला सांगितलं. पूर्ण तास घेतला. जो जिंकणार त्याला द्यावं. एकट्यानं थोडं देण्यापेक्षा ओळीतल्या सगळ्यांनी मिळून द्यावं, म्हणजे घेणाऱ्याला लक्षात राहतं. निवडणुकीच्या आधी द्यावं, नंतर भाव वाढतो. सगळं साध्या भाषेत, उदाहरणं देऊन. त्यांनी मला इतक्या प्रेमानं कधी काही शिकवलं नव्हतं. सिस्टर मान डोलावत होती. मधे एकदा तिनं एक शंकाही विचारली, आणि बाबा म्हणाले, "वा, चांगला प्रश्न आहे."

मी शेवेचा डबा व्हरांड्यातल्या कुत्र्यापुढे उपडा केला. आईची शेव होती. तिचा काही दोष नव्हता.

वर्षभरानं बाबांनी फोन केला. प्लॉटचं बक्षीसपत्र माझ्या नावानं करायचं होतं. "तुझ्यासाठीच घेतला होता. त्याच्यासाठीच भाऊला देणगी दिली. आता तरी राग सोड."

बक्षीस देणाऱ्यानं दिलं म्हणजे होत नाही; घेणाऱ्यानं स्वीकारावं लागतं. कायद्यातली ही एक गोष्ट मला त्या दिवशी उपयोगी पडली. मी म्हणाले, "मी सही करणार नाही."

"मोकळा प्लॉट आहे. आरक्षण नाही. भाव चढलाय."

"माहीत आहे."

"नाही म्हणण्यालाही किंमत असते. तू स्वतःबद्दलचं चांगलं मत विकत घेतेयस, आणि फार महाग घेतेयस."

मी फोन आईला द्यायला सांगितला. आईला वाटलं, मी तिचं ऐकून घेईन. ती म्हणाली, "घेऊन टाक ना वं. त्या बाईले देऊन दे पाहिजे तर."

मला हे सुचलं नव्हतं. मी सिस्टरला विचारलं. तिनं लगेच हात झटकले. "नाही ताई. आज मी घेतला, उद्या लोक म्हनतीन, बाईनं वकिलाले धरून प्रोफेसराचा प्लॉट लाटला. मले मायाच पायजे." बाबांनी प्लॉट विकला. तिथं आता तीन मजली इमारत आहे, खाली दुकानं. समोर सिस्टरच्या प्लॉटवर बगिचा झाला नाही. पालिकेकडे पैसा नाही म्हणतात. मोबदलाही मिळाला नाही. तारेचं कुंपण आहे आणि आत बाभळी उगवल्यात. तिला तिथे बांधता येत नाही, विकता येत नाही. ती अजून भाड्याच्या खोलीत आहे.

मग कितीतरी दिवस निवडणूकच झाली नाही. पालिकेत प्रशासक बसला. बाबा म्हातारे झाले, कानांनी कमी ऐकू लागले. फोनवर मी काही सांगितलं तर आईला विचारतात, काय म्हणते ती? आई मोठ्यानं सांगते. मी दिवाळीला जाते. आम्ही पाण्याबद्दल, पावसाबद्दल बोलतो.

अखेर निवडणूक लागली. एका दुपारी सिस्टर दारात आली. गळ्यात भाऊच्या पक्षाचा दुपट्टा होता. तिच्या मागे तिच्या प्लॉटच्या ओळीतल्या चार-पाच जणी होत्या.

"ताई, भाऊले मत द्या," ती म्हणाली आणि माझ्या नजरेला नजर दिली. "आमी ओळीतल्या सगळ्याईनं मिळून देनगी देली. त्याईनं कबूल केलं, निवडून आले की आमच्यावरचं हलवतो."

"कुठे हलवणार?"

"मागच्या लायनीत."

"तिथे कोण राहतं, सिस्टर?"

"असतीन कोनी," ती म्हणाली.

मी पत्रक घेतलं. मत कोणाला दिलं, ते सांगणार नाही. भाऊ पडला. पक्षातूनच फुटलेला एक नवा माणूस, जमिनीच्या व्यवहारात कमावलेला, त्याच्याहून कितीतरी जास्त पैसा ओतून निवडून आला. भाऊनं देणगी परत केली नाही. कोण करतं?

निकालानंतर दोन दिवसांनी सिस्टर पुन्हा आली. दुपट्टा नव्हता. पाणी मागितलं, ते उभ्यानंच प्यायली. बाबांना विचारावं का, असं तिनं मला विचारलं. मी म्हणाले, त्यांना आता ऐकू येत नाही. मग ती दाराच्या चौकटीला टेकली आणि म्हणाली, "त्या नव्याले द्या लागन का आता?"

मी तिला त्याच्या कार्यालयाचा पत्ता सांगितला.